पहिलीच लेणी-सहल? आधी घारापुरी करा

थेट अजिंठा-वेरूळच्या चार दिवसांच्या सहलीचे पैसे भरू नका. आधी एका दिवसाची घारापुरी (मुंबईजवळचं एलिफंटा बेट) करा. गटाबरोबर फिरणं आपल्याला मानवतं का, ते तिथेच कळेल.

गट निवडताना दोनच गोष्टी विचारा: माणसं किती, आणि एका ठिकाणी वेळ किती? पंधराच्या वर माणसं असली की मागच्यांना धड ऐकू येत नाही, लेण्यात आवाज घुमतो. ‘एका दिवसात सात ठिकाणं’ छापलेलं असेल तर सरळ सोडून द्या. घारापुरीच्या मुख्य लेण्यातच दीड-दोन तास सहज जातात. बहुतेक जण सदाशिवाच्या, म्हणजे तीन मुखांच्या शिवाच्या, सुमारे २० फुटी मूर्तीसमोर सेल्फी काढून निघतात. तुम्ही शेजारच्या गंगाधर शिवाजवळ थांबा. डोळे अंधाराला सरावले की वर तीन तोंडांची गंगा दिसू लागते. गाईडला तिच्याबद्दल विचारा. विचारलं की तेही खुलतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- वार न बघणं. घारापुरी आणि अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.
- कोरे करकरीत बूट. वर शंभरावर पायऱ्या आहेत.
- माकडांसमोर वेफर्सचं पाकीट फोडणं. (मग पाकीट त्यांचंच.)

राजवंश, शैली, मूर्तिशास्त्र सध्या राहू द्या.

गेटवेहून सकाळची पहिली लाँच पकडा. पावसाळ्यात समुद्र खवळला असेल तर बोरिवलीला उतरून कान्हेरीची लेणी गाठा. खडकात खोदलेल्या पन्हळींतून टाक्यांत पाणी कसं उतरतं, ते तेव्हाच नीट दिसतं.