मुलगा अमेरिकेचा नागरिक, खातं मात्र अजून ‘निवासी’

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांपूर्वी नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला. दोन वर्षांपूर्वी त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) कार्डही आलं. मनीषनगरातल्या त्याच्या फ्लॅटचं २२,००० रुपये भाडं दर महिन्याला त्याच्या इथल्या जुन्या बचत खात्यात जमा होतं. खात्यावर दुसरं नाव माझं आहे. केवायसी राहिली म्हणून बँकेने खातं बंद ठेवलंय. ओळखीचे म्हणतात, जुन्या आधारवर केवायसी करून टाका, नाहीतर दुसऱ्या बँकेत मोबाइलवरून त्याच्या नावाने नवीन खातं उघडा. काय करू? (एक आई, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : ताई, या दोन्हीतलं काहीही करू नका. आधार आणि ओटीपीवर मोबाइलमधून उघडतं ते निवासी खातं. ते उघडताना मुलगा ‘मी भारतात राहतो’ असं लिहून देतो. आजवर झालं ते दुर्लक्ष होतं. हे लिहून दिलं की ते खोटं निवेदन होईल, आणि त्याचा बचाव करणं कोणत्याही वकिलाला जड जाईल.

खातं कोणतं असावं हे फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायदा नागरिकत्वावरून नाही, राहण्यावरून ठरवतो. नोकरीसाठी देश सोडला तेव्हाच तुमचा मुलगा ‘भारताबाहेर राहणारी व्यक्ती’ झाला, आणि तेव्हाच हे खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं रुपया खातं, करून घ्यायला हवं होतं. अमेरिकेच्या पासपोर्टमुळे फक्त कागदपत्रं बदलली. कलम १३ नुसार रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे खरं. म्हणूनच कोणी विचारण्याआधी त्याने स्वतः लेखी अर्ज द्यावा. नवीन खात्याची गरज नाही. आहे तेच खातं ‘एनआरओ करून द्या’ एवढी मागणी करायची आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेची पोच घ्यायची.

सोबत लागतील : अमेरिकेचा पासपोर्ट, ओसीआय कार्ड, पॅन, फोटो, तिथल्या पत्त्याचा पुरावा आणि तो अमेरिकेचा करदाता असल्याचं ‘फॅटका’ (FATCA, अमेरिकी करदात्यांची परदेशी खाती कळवण्याचा कायदा) निवेदन, त्यात त्याचा सोशल सिक्युरिटी क्रमांक. अर्ज अडतात ते मुख्यतः पत्त्यावर. अमेरिकेच्या पासपोर्टवर पत्ता छापलेला नसतो. त्यासाठी तिथलं ड्रायव्हिंग लायसन्ससारखं सरकारी कागदपत्र जोडा. विजेचं बिल एकटं पुरेसं धरू नका. दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, नागरिकत्व घेताना ते पुष्कळदा गळतं. पॅनवर तीन शब्द आणि पासपोर्टवर दोन असतील तर आधी पॅन दुरुस्त करा. पॅन क्रमांक तोच राहतो, नवीन काढू नका. दोन पॅन बाळगणं हा वेगळा गुन्हा आहे. जुना भारतीय पासपोर्ट ओळखीसाठी जोडायचा नाही. तो अजून जमा केला नसेल तर आधी ते काम उरका.

प्रती साध्या झेरॉक्स चालत नाहीत. तिथला नोटरी, भारतीय वकिलात किंवा भारतीय बँकेची परदेशातली शाखा यांपैकी कोणीतरी मूळ कागद पाहून प्रत साक्षांकित करायला हवी. अमेरिकेतल्या काही राज्यांत नोटरी फक्त सहीची साक्ष देतो, प्रतीची नाही. असे कागद इथून परत जातात. मुलगा दिवाळीला वगैरे येणार असेल तर मूळ कागद घेऊन त्याने स्वतः शाखेत जाणं सर्वांत सोपं.

आता तुमच्यापुरतं. खातं एनआरओ झालं की तुमचं नाव राहू शकतं, पण ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने. म्हणजे तो हयात असेपर्यंत तुमच्या एकट्या सहीने पैसे निघणार नाहीत. हे बऱ्याच आईवडिलांना पहिला चेक परत आल्यावर कळतं. घरखर्च त्या खात्यातून चालत असेल तर त्याने तुमच्या नावे मुखत्यारपत्र आत्ताच करावं. ते तिकडे केलं तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांक शुल्क भरायचं असतं. नागपूरच्या मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात ते होतं. मुदत चुकवू नका.

भाड्याचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तो इथे येतोच. मालक अनिवासी असला की भाडेकरूने ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, म्हणजे महिन्याला ६,८६४ रुपये, आणि त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा) क्रमांक काढावा लागतो. वर्षाचं भाडं २,६४,००० रुपये. त्यातून ३० टक्के वजावट गेली की १,८४,८०० उरतात, आणि इथे दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर त्यावर कर लागत नाही. कापलेले ८२,३६८ रुपये विवरणपत्र भरून परत मिळतात. दर वर्षी परताव्याची वाट पाहण्यापेक्षा मुलाने कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र मागावं. मागच्या वर्षांत कपात झालेली नसेल तर सीएकडे आधी तो हिशेब मांडा. एनआरओच्या व्याजावरही बँक ३१.२ टक्क्यांनीच कर कापेल. मुलाने अमेरिकेचं कर निवासी प्रमाणपत्र दिलं तर भारत-अमेरिका दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार व्याजावरचा तो दर १५ टक्क्यांवर येतो.

शाखेने अर्ज घ्यायला नकार दिला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत तिचं उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही.

आणि मुलाला एक विचारा. भारतातल्या त्याच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर अमेरिकेत त्याला त्या वर्षाचं एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारं विवरण) भरावं लागतं. तुमच्यासोबतचं संयुक्त खातंही त्यात धरलं जातं.