मेल आली की मेल आला?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून एकांनी विचारलंय : "आमची आजी 'मेल आली' म्हणते. मुलगा घरात बसून कंपनीचं काम करतो, तो म्हणतो 'मेल आला'. शब्द एकच, मग लिंगं दोन कशी? शिवाय आजी 'मेल गावली न्हाई' म्हणाली की पुण्याची सून हसते. बरोबर कोण?"

आजीपासून सुरुवात करू. आजीची मेल म्हणजे मेलगाडी. बोलताना 'गाडी' गळाली तरी तिचं स्त्रीलिंग मागे राहतं, आणि मग गाडीचं नाव कुठल्या लिंगाचं आहे हे आपण बघतही नाही. सह्याद्री पर्वत उभा असतो, पण सह्याद्री एक्सप्रेस लेट झाली. चालुक्य हे राजे, तरी बेळगाव स्टेशनात "चालुक्य आली काय हो?" असंच विचारतात. 2024 पासून पुणे–हुबळी वंदे भारत इथून जाते. भारत 'तो', गाडी मात्र 'ती'. इंजिन एकटंच आलं तर 'ते', डबे जोडले की लगेच 'ती'!

खरी गंमत राणी चन्नम्मा एक्सप्रेसची. कित्तूर आपल्याच जिल्ह्यातलं. 1824 मध्ये कंपनी सरकारशी लढलेल्या राणीबद्दल आपण 'चन्नम्मा लढल्या' म्हणतो आणि गाडीला 'चन्नम्मा आली'. म्हणजे मराठीत राणी आणि गाडी वेगळी होते ती केवळ आदरार्थी बहुवचनामुळे, लिंग दोघींचं एकच. कन्नडचं तसं नाही. राणी आली तर 'बंदळु', आदराने 'बंदरु'. गाडी आली तर 'बंतु'. निर्जीव वस्तूला तिथे स्त्रीलिंग-पुल्लिंग नाहीच, गाडीचं नाव कितीही बायकी असो. आमच्या शेजारचे काका घरात कन्नड आणि गल्लीत मराठी बोलतात. ते "चन्नम्मा आलं बघा" म्हणतात, आणि पोरं खिदळतात. काकांच्या वाक्यात शब्द मराठी आहेत, व्याकरण 'बंतु'चं आहे, आणि ते आपल्या जागी चोख आहे.

आता मेल. इंग्रजीत हा शब्द मुळात पिशवीचा, जुन्या फ्रेंचमधून आलेला. पत्रांची पिशवी, मग पत्रं, मग ती नेणारी गाडी, असा तो सरकत गेला. हिंदुस्थानात धावत्या गाडीत टपाल निवडायची सोय 1863 मध्ये अलाहाबाद–कानपूर मार्गावर सुरू झाली. पुढे आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसच्या, डब्याला बाहेरून पत्र टाकायची फट असे. पेटीची वेळ चुकली की लोक जादा तिकीट लावून थेट तिथे पत्र सरकवत. टपाल नेणाऱ्या गाडीला वाटेत मान असे, म्हणून ती लवकर पोचे, आणि लवकर पोचणारी ती मेल, असा अर्थ लोकांच्या डोक्यात बसला. आज भाड्याच्या दृष्टीने मेल आणि एक्सप्रेस एकच वर्ग आहे. (टपाल हा शब्द कन्नडातही 'टपालु' म्हणून आहे, पण आपल्याकडे टपाल 'येतं'. म्हणजे टपाल ते, मेल ती, आणि तुमच्या मुलाचा तो!)

आजीच्या पिढीची मेल म्हणजे बहुधा पुणे–बेंगळूर मेल. 1882 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने हा रस्ता मीटरगेजचा बांधला, रुळांमधलं अंतर बरोबर एक मीटर. 1971 मध्ये पुण्याकडून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज आलं, आपली बाजू मीटरगेजच राहिली. मग मिरजेला उतरायचं, बोचकी आणि पोरं सांभाळत दुसऱ्या गाडीत चढायचं. ही कसरत 1990 च्या दशकात आपल्याकडेही रूळ रुंद झाले तेव्हा संपली. घरात "मिरजेत मेल गावली काय?" हा प्रश्न तेव्हा अगदी काळजीने विचारला जाई.

त्या 'गावली'वर सूनबाईंनी हसू नये. गावणे म्हणजे सापडणे, मिळणे, हाती लागणे. कोल्हापूर-बेळगावकडचं हे रोजचं क्रियापद आहे आणि कोशातही आहे. 'मला गाडी गावली' यात कर्ता गाडी आहे, माणूस नुसता 'ला' लावून बाजूला उभा, जसं 'मला भूक लागली'. 'मी गाडी पकडली' हे वाक्य मला अजून पोलिसी वाटतं. आणि 'गाडी लागली' तर जपूनच वापरावं : फलाटाला लागली तर चढायचं, माणसाला लागली तर लिंबू हुंगायचं.

राहिला मुलगा. त्याच्या मेलमागे गाडी नाही, ईमेल आहे. फोन आला, मेसेज आला, कॉल आला, त्याच रांगेत तो बसला आणि पुल्लिंगी झाला. ईमेल 'आली' म्हणणारेही पुष्कळ आहेत, त्यांना मी चूक म्हणणार नाही. पण तुमच्या घरात आजीने 'आली' आणि नातवाने 'आला' म्हणणं सोयीचंच आहे. स्टेशनवर जायचं की लॅपटॉप उघडायचा, ते क्रियापदावरून लगेच कळतं. आणि नातवाला मेल गावला नाही तर स्पॅममध्ये बघ म्हणावं.