अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मुलीचं व्हायोलिन सुटेल का?
इंडियानापोलिसला बदली होतेय म्हणताय, तर काळजी सोडा. शेजारच्या कार्मेल उपनगरातली हायस्कूल सरकारीच आहे. प्रवेश पत्त्यावर मिळतो. तिथे ऑर्केस्ट्रा, बँड, गायन हे वेळापत्रकातले रोजचे विषय असतात, त्यांना गणितासारखेच गुण मिळतात. आपल्याकडे हे सगळं स्नेहसंमेलनापुरतं उरतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कार्मेलच्या मार्चिंग बँडने (मैदानावर रचना बदलत, चालत चालत वाजवणारं पथक) 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मैदानावर कुठल्या ठोक्याला कुठे उभं राहायचं, हे प्रत्येकाला अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर आखलेल्या यार्डांच्या रेघांवरून पावलं मोजून पाठ करावं लागतं, आणि तेही वाजवता वाजवता! सराव उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरू होतो. नेपथ्य ढकलत मैदानात आणायला आईवडील असतात.

दोन गोष्टी मात्र धरून चाला. शिक्षण मोफत असलं तरी मार्चिंग बँडचा गणवेश, प्रवास यांचा खर्च पालकांवर येतो. आणि वरच्या ऑर्केस्ट्रात जागा ऑडिशन देऊनच मिळते, त्यामुळे तिला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायची सवय आत्तापासूनच लावा. ती कर्नाटकी किंवा हिंदुस्थानी पद्धतीने शिकत असेल तर हे आधी करा.