मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर बाहेर किड्यांचे मॅक्रो (अगदी जवळून, मोठे दिसणारे) फोटो काढायला सुरुवात कशी करावी?

कॅनन १५००डी, सोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स, आणि नवी लेन्स घेण्याइतकं बजेट नाही, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावर खूप चांगलं काम होतं.

५५-२५० च्या तोंडावर बसणारं रेनॉक्स डीसीआर-२५० हे क्लिपचं भिंग घ्या. ते +८ डायॉप्टरचं (डायॉप्टर हे भिंगाची ताकद मोजायचं एकक) आहे, म्हणजे त्याचं नाभीय अंतर १२५ मिमी. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून झूम १२५ ला आणला की १:१ मिळतं, म्हणजे जेमतेम २२ मिमी रुंदीची जागा अख्खी फ्रेम भरते. २५० ला नेलं की किडा त्याच्या दुप्पट मोठा दिसतो. झूम कितीही करा, भिंगापासून किड्याचं अंतर साधारण १२ सेंमीच राहतं. सुरुवात १२५ च्या आसपासच करा. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) ५० मिमीच्या लेन्सवर छान चालतात, पण घ्यायच्याच तर धातूचे कॉन्टॅक्ट असलेल्या घ्या. बिनकॉन्टॅक्टच्या ट्यूबवर कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) बदलता येत नाही.

उरलेले पैसे मात्र उजेडावर घाला. माझ्या मते मॅक्रोमध्ये लेन्सपेक्षा उजेडाचं महत्त्व जास्त. १:१ ला एफ/११ ठेवूनही स्पष्ट दिसणारा भाग अर्ध्या मिलिमीटरहून कमी असतो. अ‍ॅपर्चर इतकं बारीक केलं की उजेड कमी पडतो, शटर मंदावतं आणि वाऱ्याने हलणारं पान फोटो घालवतं. म्हणून ताकद हाताने ठरवता येणारा, कॅननच्या ई-टीटीएल पद्धतीचा (कॅमेऱ्याशी सगळ्या कॉन्टॅक्टमधून बोलणारा) एक फ्लॅश घ्या. फक्त मधला एक कॉन्टॅक्ट असलेला साधा मॅन्युअल फ्लॅश १५००डी वर बहुधा पेटत नाही, म्हणून घेण्याआधी खात्री करा. शटर १/२०० सेकंद, आयएसओ २०० आणि फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/८ वर ठेवून सुरू करा, मग फोटो बघून कमी-जास्त करा. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर किंवा पॅकिंगमध्ये येणारा पातळ पांढरा फोम बांधा. तो थेट भिंगाच्या वरपर्यंत पुढे आला पाहिजे, कारण उजेडाचा स्रोत किड्याच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका उजेड मऊ. याची परीक्षा घ्यायला ढाल किड्यासारखं (लेडीबर्ड) मॉडेल नाही. त्याच्या चकचकीत पाठीवर टोचणारा पांढरा ठिपका दिसला तर डिफ्यूझर, म्हणजे हा कागद किंवा फोम, लहान पडतोय. रुंद, कडा विरघळलेला पट्टा दिसला आणि त्याखालचा लाल रंग शाबूत असला, तर जमलं.

ढाल किडा शोधायला लांब जायला नको. रस्त्याकडेचं, मोकळ्या प्लॉटमधलं रुईचं झुडूप बघा. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) असतो, तो खायला ढाल किडे येतात आणि माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या. पानांवर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेले प्लेन टायगर फुलपाखराचे सुरवंट सापडतात. अशा एकाच झुडपाकडे पुन्हापुन्हा जा, कोण कुठे बसतं ते कळायला लागतं. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

ऊन चढायच्या आधी जा. गारव्यात किडे सुस्त असतात, थंडीत तर अंगावर दवही मिळतं. काही जण किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात, तसं कृपया करू नका. तो जीव आहे, आणि पहाटे उठलात तर त्याची गरजच पडत नाही.

फोकस मॅन्युअलवर ठेवा आणि रिंग फिरवू नका. स्वतःच किंचित पुढे-मागे होत, डोळा स्पष्ट दिसला की क्लिक करा. किडा बसलाय तीच फांदी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून लेन्स त्याच हातावर टेकवा. मग वाऱ्याने फांदी आणि कॅमेरा एकत्रच हलतात, आणि नेमका फोकस लागण्याचं प्रमाण बरंच वाढतं.

फ्लॅशही आत्ता जमत नसेल तर कॅमेऱ्याचाच फ्लॅश उघडा आणि त्याच्या पुढून भिंगापर्यंत ट्रेसिंग पेपर रबरबँडने अडकवा. लेन्सची थोडी सावली पडेल, पण १२५ च्या आसपास झूम ठेवलात तर निभावतं.