संध्याकाळची गोळी

एचआयव्ही आणि टीबीची औषधे एकाच वेळी घेतल्यास ती शरीराला झेपतील का, हा प्रश्न एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, मला वारंवार विचारला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या, कापूस वेचणीला जाणाऱ्या ताईंचे टीबीचे उपचार सुरू होऊन महिना झाला होता. त्यांनी पिशवीतून संध्याकाळच्या डोल्युटेग्रावीरची, म्हणजे एचआयव्हीवरील औषधाची, बाटली काढून टेबलावर ठेवली. तिचे सीलही फोडलेले नव्हते.

"मॅडम, हेच औषध सकाळच्या गोयीत हाये म्हणता, मंग संध्याकाळी पुन्हा कायले? लय गरम पडीन ना."

त्यांची शंका रास्त होती, कारण सकाळच्या एकत्रित गोळीत ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्रावीर असतेच. गोळी दुसऱ्यांदा का घ्यायची, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, याची मला खंत वाटली. टीबीच्या औषधांतील रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधे झपाट्याने मोडायला लावते, त्यामुळे डोल्युटेग्रावीर रक्तात पुरेसे टिकत नाही आणि विषाणूला डोके वर काढायला वाव मिळतो; म्हणून बारा तासांनी आणखी ५० मिलिग्रॅम द्यावे लागते. पाटाचे पाणी वाटेतच झिरपले, तर शेवटच्या सरीसाठी ते पुन्हा सोडावे लागते, असे मी म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

लघवी नारिंगी होते, ती दोन औषधांच्या भांडणामुळे, असे त्यांना वाटत होते. तो रिफाम्पिसिनचा रंग असून निरुपद्रवी आहे. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा जेवण जाईना, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात यावे, हे मी दोनदा सांगितले. उपकेंद्रातून मिळालेली लोहाची गोळी ताई सकाळच्या गोळीबरोबरच, उपाशीपोटी घेत होत्या. लोह डोल्युटेग्रावीरला पोटातच अडवते, म्हणून ती किमान दोन तासांनी, दुपारच्या जेवणानंतर घ्यायचे ठरले. गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभावही रिफाम्पिसिनमुळे कमी होतो, हे ऐकून मात्र त्या बराच वेळ गप्प राहिल्या. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले.

खरी अडचण शेवटी कळली. संध्याकाळी चुलीपाशी सासूबाई असतात आणि आजाराचे घरात कोणालाच माहीत नाही. म्हणून वेचणीला निघण्यापूर्वी सकाळी सहा आणि गुरांना पाणी पाजताना संध्याकाळी सहा, अशा वेळा आम्ही ठरवल्या. टीबीचे औषध संपल्यावरही रिफाम्पिसिनचा परिणाम लगेच ओसरत नाही, म्हणून संध्याकाळची गोळी आणखी दोन आठवडे घ्यायची, ती तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने कार्डावर लिहून घेतली.