नोटीस आपल्याच प्रोग्रॅममध्ये टाइप व्हावी म्हणून

प्रश्न : वकिलांच्या कार्यालयांसाठी मी सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स वापरून सॉफ्टवेअर लिहिलं आहे. अशिलांची माहिती, तारखा, फी सगळं त्यात नोंदवलं जातं. पण नोटीस टाइप करायची तर कारकुनाला वर्ड उघडून नाव-पत्ता पुन्हा घालावा लागतो. वर्डसारखा एडिटर माझ्याच प्रोग्रॅममध्ये कसा बसवू? मजकूर मराठी असतो.
— एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : एडिटर कोणता घ्यायचा हे नंतर बघू. तुमचा प्रोग्रॅम नसलेल्या संगणकावर ही नोटीस पाच वर्षांनी उघडेल का, हे आधी ठरवा. मजकूर वकिलांचा आहे. तो आपल्या प्रोग्रॅममध्ये अडकून पडता कामा नये.

मी एका वकिलांकडे पडद्यामागून वर्डच चालवला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कारकुनाचा फोन आला, "साहेब, मशीन हलेना." टास्क मॅनेजर उघडला तर न दिसणारे सव्वीस वर्ड चालू होते. नोटीस छापून झाली की मी फाइल बंद करत होतो, पण वर्डच्या ऑब्जेक्ट्सचे संदर्भ मोकळे करायचे राहून गेले होते. शिवाय या मार्गाने जायचं तर प्रत्येक मशीनवर वर्ड विकत घेतलेला हवा. तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने वकिली करणाऱ्यावर मी तो खर्च लादणार नाही.

विंडोज फॉर्म्समधला मजकूर लिहायचा तयार चौकोन, रिचटेक्स्टबॉक्स, तुमच्या हाताशीच आहे, फुकटही आहे. टिपणं लिहायला तो चांगला. मात्र त्यात पान नावाची गोष्टच नाही, त्यामुळे हेडर-फूटर नाही. मराठीसाठी आणखी एक अडचण आहे. तो मजकूर आरटीएफ या फाइल-प्रकारात साठवतो आणि आरटीएफ देवनागरी अक्षरं आकड्यांत लिहितं, ‘म’ म्हणजे २३५०. डेटाबेसमध्ये ‘मोजणी’ शोधलंत तर काहीच हाती लागणार नाही. म्हणून साधा मजकूर शेजारच्या रकान्यात वेगळा साठवा.

तुमच्या कामासाठी मी वेबव्ह्यू२ या, प्रोग्रॅमच्या आत वेबपान दाखवणाऱ्या कंट्रोलमध्ये वेबचा एडिटर बसवीन. परवाना मात्र नीट वाचा. टायनीएमसीई या एडिटरची सहावी आवृत्ती एमआयटी या मोकळ्या परवान्यात होती, सातवीपासून जीपीएल किंवा विकतचा परवाना. सीकेएडिटर ५ लाही जीपीएल किंवा विकतचा, हेच दोन परवाने. सोर्स कोड न देता प्रोग्रॅम विकायचा असेल तर जीपीएल चालणार नाही. क्विल हा एडिटर बीएसडी या मोकळ्या परवान्यात मिळतो, तो चालेल. बटणं मोजकीच ठेवा : ठळक, अधोरेखित, क्रमांक, मध्यभागी. नोटिशीला त्यापलीकडे फारसं लागत नाही, आणि जितकी बटणं कमी तितकं पुढे वेबच्या मजकुराचं वर्डच्या फाइलमध्ये रूपांतर सोपं.

शेवटची प्रत वर्डच्या डॉक्सएक्स प्रकारातच तयार करा. ती फाइल म्हणजे झिप केलेलं एक्सएमएल. मायक्रोसॉफ्टचं ओपन एक्सएमएल एसडीके हे कोडचं तयार साहित्य वापरलंत तर ती तयार करायला वर्ड लागत नाही, आणि उघडायला लिबरऑफिसही चालतं. लेटरहेड, समास, सहीची जागा हे सगळं एका नमुना फाइलमध्ये ठेवा. नाव-पत्त्याच्या जागी कंसातले शब्द ठेवून फाइंड-रिप्लेस करू नका. वर्ड असा शब्द आत दोन-तीन तुकड्यांत तोडून ठेवतो आणि तुमच्या कोडला तो सापडत नाही. तिथे कंटेंट कंट्रोल, म्हणजे वर्डमधली नाव दिलेली भरायची चौकट, वापरा. अक्षराचा आकार त्या एक्सएमएलमधल्या नेहमीच्या ‘एसझेड’ या टॅगमध्ये देऊन भागत नाही. देवनागरीसाठी वर्ड ‘एसझेडसीएस’ बघतो. ठळकपणाचा टॅगही तसाच वेगळा. मी यात अख्खी दुपार घालवली आहे : इंग्रजी आकडे मोठे होत होते, मराठी अक्षर ढिम्म.

आता ‘ऱ्या’. खरेदीखतात ‘लिहून देणाऱ्याने’ हा शब्द पानोपानी येतो. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याला ओळखत नाही. साठवण्यापूर्वी सगळे एकाच तऱ्हेचे करून घ्या.

एडिटर पक्का करण्याआधी कारकुनाला त्याच्या रोजच्या कीबोर्डवर हा शब्द टाइप करायला सांगा. मग बॅकस्पेसने एकेक अक्षर खोडायला सांगा, जुन्या वर्ड फाइलमधला एक परिच्छेद पेस्ट करायला सांगा आणि त्याच्याच प्रिंटरवर पान काढून बघा. जुनी फाइल श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधली असेल तर पेस्ट केल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. त्यासाठी रूपांतराचं बटण पहिल्या दिवसापासून द्या.