कांदा निर्यातबंदी: स्वस्त कांद्याचे पैसे कोण भरतं?

तुमचा प्रश्न असा: निर्यात अडवली की शहरात कांदा स्वस्त होतो, गरिबाचं भलं होतं, मग सरकारने बाजारात हात घालू नये म्हणणाऱ्यांचं दुखणं काय? मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातला, घरी पिढ्यान्‌पिढ्या कांदा. माझ्या परीने सांगतो.

भाव उतरतो, हे खरंच आहे. पण ते पैसे कुणाच्या तरी खिशातून जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. समजा परदेशातला खरेदीदार किलोला २८ रुपये देतोय. त्यातले ११ रुपये २० पैसे सरकारजमा, व्यापाऱ्याकडे उरले १६ रुपये ८० पैसे. बारदान, हमाली, बंदरापर्यंतचं भाडं, त्याचा नफा वजा करून जे राहील, तीच बोली लिलावात लागते. दुबईवाला जादा देत नाही, त्याला पाकिस्तानचा माल आहे. म्हणजे शुल्क भरतो व्यापारी, पण कापलं जातं लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभ्या असलेल्याचं.

डिसेंबरमध्ये तर थेट बंदीच आली. वेळ बघा. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो, भाव पडला तर थांबता येतं. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, साल पातळ; ठेवला की कोंब फुटतात, नाहीतर खालून सडायला लागतो. काढला की मिळेल त्या भावाला विकायचा. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, तेव्हा लाल कांद्याचा हंगाम संपून गेला होता.

हे नुकसान निदान दिसतं तरी. मला जास्त काळजी न दिसणाऱ्याची वाटते. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०, मग डिसेंबर २०२३, तीनदा बंदी. २०१९ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या होत्या की, कांदा न घालता जेवण करायला मी आचाऱ्याला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. असं गिऱ्हाईक दुसरीकडे सोय बघणारच. इकडे शेतकरी चाळीचा खर्च टाळतो, लागवड आखडती घेतो. पुढे कधी पाऊस बिघडला की साठवलेला माल कमी पडतो आणि त्याच शहरी गरिबाला कांदा महाग मिळतो. तेव्हा मात्र दोष साठेबाजावर जातो.

आणि त्याच २०२३ च्या मार्चमध्ये भाव कोसळले म्हणून राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं होतं! शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणायचे: धोरणाने शेतकऱ्याचं जेवढं काढून घेतलं जातं, त्यापुढे दिलेलं अनुदान किरकोळ ठरतं. आमच्यातल्या काहींना रुचणार नाही, पण बाजार खुला हवा म्हणायचं आणि भाव पडला की अनुदानही मागायचं, हे मला पटत नाही.

गरिबाला मदत करायचीच, तर थेट खात्यात पैसे द्या. तो खर्च अर्थसंकल्पात दिसेल, त्यावर चर्चा होईल, आणि त्याचा भार एकट्या कांदेवाल्यावर पडणार नाही. निर्यातीचं धोरण रोपं टाकायच्या आधी सांगा आणि हंगामभर हलवू नका. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क उठवलं, ते चांगलंच झालं. पण ते पुन्हा लागणार नाही अशी हमी कुणीच दिलेली नाही, म्हणून नव्या चाळीसाठी कर्ज काढायला लोक बिचकतात.